देशी डुकरांच्या कळपातील हेपॅटायटिस ई: नमुने कोणाचे घ्यायचे, निकाल कसा वाचायचा, साखळी कुठे तोडायची

हेपॅटायटिस ई हा यकृताला सूज आणणारा आणि डुकरांतून माणसातही येणारा विषाणू. त्याची लागण झालेले डुक्कर आजारी दिसत नाही. ते खाते, चिखलात लोळते, वजन धरते. कापल्यावर कलेजीही नेहमीसारखीच दिसते. जी काही सूज असते ती फक्त सूक्ष्मदर्शकाखाली कळते. त्यामुळे हा विषाणू लक्षणांवरून शोधता येत नाही, वयावरून शोधावा लागतो. कोणत्या वयाचे जनावर आज कुठल्या टप्प्यावर आहे हे ठाऊक असेल, तर नमुने कोणाचे, कधी आणि किती घ्यायचे ते आपोआप ठरते.

उलट बाजूही ध्यानात असू द्या. डुकरांचे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, पिल्ले मरू लागली, तर हेपॅटायटिस ईवर खापर फोडून मोकळे होऊ नका. लेप्टोस्पायरोसिस, बुरशी लागलेल्या खाद्यातले अफ्लाटॉक्सिन, रक्तपेशींवर वाढणारा मायकोप्लाझ्मा सुइस हा जंतू ही कारणे आधी तपासायची. अशा कळपाच्या विष्ठेत हेपॅटायटिस ईचा आरएनए (विषाणूचे जनुकीय द्रव्य) सापडलाच, तरी तो बहुधा सोबतीला आलेला असतो, मूळ दुखणे दुसरेच असते.

जातीचा दोष किती, सवयीचा किती

डुकरांतला हा विषाणू पहिल्यांदा 1997 मध्ये ओळखला गेला. या विषाणूचे प्रकार 1 आणि 2 माणसांत फिरतात. प्रकार 3 आणि 4 हे डुकरे, रानडुकरे आणि हरणे यांच्यात असतात आणि तिथून माणसात येतात. या प्रकारांना डुकराच्या जातीचे फारसे सोयरसुतक नाही. इबेरियन असो, मंगलित्सा असो, घुंगरू, नियांग मेघा किंवा आगोंदा गोवन असो, लागण सगळ्यांना होते. देशी जातींचा प्रश्न वेगळा होतो तो त्यांना पाळण्याच्या पद्धतीमुळे: कळप लहान, सगळ्या वयांची जनावरे एकत्र, मोकळे चरणे, सामाईक डबके, रानडुकरांशी गाठभेट आणि उशिरा होणारी कत्तल.

लागणीचे वेळापत्रक साधारण असे असते. मादीला पूर्वी लागण होऊन गेली असेल तर तिच्या चिकातून पिल्लांना प्रतिपिंडे (अँटिबॉडी) मिळतात. ती दोन महिन्यांच्या आसपास ओसरतात. त्यानंतर, दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात, पिल्लांना खरी लागण होते. रक्तात विषाणू आठवडा-दोन आठवडे राहतो, विष्ठेतून मात्र साधारण तीन ते सात आठवडे पडत राहतो. त्यानंतर जनावराची स्वतःची प्रतिपिंडे टिकून राहतात आणि विषाणू निघून जातो. विषाणूचा वेग लहान समजू नका: एकत्र ठेवलेल्या डुकरांवरच्या प्रयोगात एका बाधित डुकराकडून सरासरी आठ-नऊ डुकरांना लागण होईल असा हिशोब निघाला होता.

सहा महिन्यांत कापल्या जाणाऱ्या सुधारित जातींत लागणीचे शेपूट कत्तलीच्या दिवसापर्यंत पोहोचू शकते. देशी डुक्कर दहा-बारा महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा कापले जाते, म्हणजे तोवर सगळे निवळलेले असावे. बहुतेक वेळा तसे असतेही. पण इथेच एक फसगत आहे. वीस-पंचवीस जनावरांच्या कळपात विषाणूला लागण करायला नवीन पिल्ले उरत नाहीत आणि तो काही काळ संपून जातो. मग मधल्या दोन-तीन वेतांची पिल्ले कोरीच, म्हणजे लागण न होता, मोठी होतात. अशात बाहेरून एक नर आणला, किंवा रानडुकरांनी कुंपणापाशी उकरले, की आठ-नऊ महिन्यांच्या जनावरांना एकदम लागण होते, नेमकी कत्तलीच्या तोंडावर. लहान कळपात भीती असते ती अशा उशिरा येणाऱ्या लागणीची.

पीआरआरएस किंवा पीसीव्ही-2 (डुकरांतले दुसरे दोन विषाणू) सोबत असेल तर हे वेळापत्रक कोलमडते. पीआरआरएस असलेल्या डुकरांत विष्ठेतून विषाणू पडण्याचा सरासरी काळ प्रयोगात सुमारे 10 दिवसांवरून 49 दिवसांपर्यंत लांबलेला आहे. म्हणून हेपॅटायटिस ईची तपासणी पाठवताना त्याच रक्ताच्या नमुन्यात पीआरआरएसची तपासणीही मागा. ही एक चाचणी वाचवली तर पुढचे सगळे निकाल चुकीचे वाचले जातात.

किती जनावरे तपासायची

मोठ्या कळपात दहा टक्के जनावरांत विषाणू असेल तर तो 95 टक्के खात्रीने पकडण्यासाठी 29 जनावरे लागतात. पाच टक्क्यांत असेल तर 59. लहान कळपात आकडा कमी होतो, पण वाटतो तितका नाही. 40 जनावरांत चार बाधित असतील तर 21 तपासावी लागतात. 20 जनावरांत दोन बाधित असतील तर 16. थोडक्यात वीसच्या आतला कळप असेल तर निवड करत बसू नका, सगळ्यांचेच नमुने घ्या. हे आकडे चाचणी अचूक आहे असे धरून आहेत. प्रत्यक्षात दोन-तीन जास्त घेतलेली बरी.

जास्तीत जास्त नमुने 10 ते 18 आठवड्यांच्या जनावरांचे असावेत, कारण विष्ठेत विषाणू सापडण्याची शक्यता तिथे सर्वात जास्त. त्याखेरीज पाच-सहा माद्या, तीन-चार आठवड्यांची काही पिल्ले आणि कत्तलीच्या वयाची जनावरे. फक्त मोठ्या डुकरांचे रक्त तपासून "कळप पॉझिटिव्ह" असा शिक्का मारणाऱ्या अहवालाचा उपयोग जवळपास शून्य. मोठ्यांत प्रतिपिंडे असणारच. विषाणू आज फिरतो आहे का, हे त्यावरून कळत नाही. देशी जनावरांच्या जन्मतारखा बहुधा लिहिलेल्या नसतात, म्हणून नमुने घेण्याआधी वेताची नोंद किंवा दात पाहून वय ठरवा आणि नमुन्याच्या डबीवर आठवड्यांत लिहा. "मध्यम" किंवा "वाढते" असे लिहिलेला नमुना पुढे कोणालाच वाचता येत नाही.

विष्ठेचा नमुना

विष्ठा शक्यतो गुदद्वारातून घ्या. नवीन हातमोजा, बोटाला थोडे पाणी, पाच ते दहा ग्रॅम पुरे. घट्ट झाकणाच्या डबीत भरायची आणि हातमोजा तिथेच उलटा करून फेकायचा. पुढच्या जनावराला नवा. तोच हातमोजा वापरला तर एका बाधित पिल्लामुळे अख्खा कप्पा पॉझिटिव्ह निघतो. पिल्ले फार लहान असतील तर ओल्या कापसाच्या काडीने घ्या. जमिनीवरची विष्ठा घ्यायची वेळ आली तर जनावराने टाकताना पाहिलेलीच घ्या आणि जमिनीला न टेकलेला वरचा भागच उचला. खालचा थर हा कप्प्याचा इतिहास सांगतो, त्या डुकराचा नाही.

खर्च वाचवण्यासाठी पाच जनावरांची विष्ठा एकत्र करता येते, पण प्रत्येकाची समान, वजन करून. पाचपट पातळ झाल्याने पीसीआरची (आरएनए शोधणाऱ्या चाचणीची) सीटी किंमत साधारण 2.3 ने वाढते; विषाणू जितका कमी तितकी ही किंमत जास्त. कमी विषाणू असलेला एकटा नमुना मग सीमेबाहेर जातो. म्हणून पाचपेक्षा जास्त एकत्र करू नका, आणि प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग वेगळा गोठवून ठेवा, म्हणजे मिश्रण पॉझिटिव्ह आले तर पुन्हा पळापळ करावी लागत नाही. डब्या बर्फावर ठेवून 24 तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा. त्याहून उशीर होणार असेल तर उणे 70 अंशांखाली. एकदा गोठवलेले वितळवून परत गोठवणे म्हणजे आरएनए हळूहळू मोडणे. फॉर्मेलिनमध्ये टाकलेला नमुना पीसीआरसाठी गेला असेच समजा.

रक्ताचा नमुना

हे काम पशुवैद्यकाचे. देशी डुकराची मान आखूड, केस राठ, कातडीखाली चरबीचा थर, त्यामुळे शीर बोटाला लागत नाही, जागेच्या अंदाजाने जावे लागते. वरच्या जबड्यावर, सुळ्यांच्या मागे फास बसवून डोके किंचित वर धरायचे. सुई उजव्या बाजूने, मानेच्या खालच्या खळग्यातून. डाव्या बाजूला नसांना इजा होण्याचा धोका जास्त. मोठ्या जनावराला 18 गेजची दीड इंची सुई, दूध तोडलेल्या पिल्लाला 20 किंवा 21 गेजची एक इंची. पिल्लू असेल तर एकाने उताणे धरायचे, पुढचे पाय मागे ओढून. पाच मिलिलिटर रक्त साध्या, गोठू देणाऱ्या नळीत घ्या. नळी अर्धा-एक तास तिरकी ठेवून रक्त गोठू द्या, मग सीरम (गुठळीवर सुटलेले पाणी) वेगळे करा. सीरम फिकट पिवळे असावे. लालसर दिसले तर सुई बारीक होती, पिचकारी जोरात ओढली किंवा नळी हलवली. असा नमुना एलायझात (प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीत) गोंधळ घालतो.

कत्तलीच्या वेळी

कापलेल्या जनावरापासून तीन गोष्टी मिळवता येतात. यकृताचा तीन-पाच ग्रॅमचा तुकडा, पित्ताशयातून सुईने ओढलेले एक-दोन मिलिलिटर पित्त आणि छाती-पोटामधल्या पडद्याच्या स्नायूचा 10 ते 20 ग्रॅमचा तुकडा. पित्तात विषाणू भरपूर असू शकतो, पण पित्ताचे घटक पीसीआरला अडवतातही. स्नायू पिशवीत घालून रात्रभर गोठवला आणि सकाळी वितळू दिला, की तळाशी गुलाबी रस जमतो. त्यावर प्रतिपिंडांची चाचणी होते, म्हणजे जिवंतपणी रक्त घेता आले नाही तरी काम अडत नाही. पाते प्रत्येक जनावराला वेगळे.

प्रयोगशाळेला काय विचारायचे

एलायझाबाबत एकच प्रश्न आधी विचारा: किट डुकरांसाठी चालते का? माणसाच्या आयजीजीला (प्रतिपिंडांच्या एका प्रकाराला) चिकटणारे द्रव्य असलेले किट डुकरावर निरुपयोगी. डुकराच्या आयजीजीसाठीचे, किंवा दोन्ही बाजूंनी प्रतिजन वापरणारे आणि कोणत्याही प्राण्याला चालणारे किट हवे. आणि मध्येच किट बदलू नका. वेगवेगळी किट त्याच कळपात बरेच वेगळे टक्के दाखवतात. गेल्या वर्षीचा आकडा एका किटचा आणि यंदाचा दुसऱ्याचा असेल तर तुलना कशाशी करणार?

पीसीआरसाठी विष्ठेचे दहा टक्के द्रावण करतात: 1 ग्रॅम विष्ठा, 9 मिलिलिटर बफर, नीट घुसळून, यंत्रात वेगाने फिरवून, वरचे स्वच्छ पाणी आरएनए काढायला. तपासणीसाठी विषाणूच्या ओआरएफ-3 या जनुकातला न बदलणारा छोटा भाग वापरतात, प्रकार ओळखण्यासाठी ओआरएफ-2 या जनुकाचा मोठा तुकडा वाचतात. पहिला पॉझिटिव्ह आणि दुसरा जमला नाही, हे कमी विषाणूच्या नमुन्यात नेहमीचेच. त्यावरून पहिला निकाल खोटा ठरत नाही. द्रावणात आधीच मिसळलेला ओळखीचा दुसरा विषाणू परत सापडतो का, हे पाहिल्याशिवाय निगेटिव्ह निकाल मान्य करू नका, कारण विष्ठेत पीसीआर रोखणारे पदार्थ असतातच. विषाणूचे प्रमाण आकड्यात हवे असेल तर ते जागतिक आरोग्य संघटनेच्या 6329/10 या मानकाशी जुळवलेल्या आंतरराष्ट्रीय एककांत मागा. नुसत्या सीटी किमती दोन प्रयोगशाळांत जुळत नाहीत.

कळप जिथे उंदीर-घुशींच्या सहवासात राहतो तिथे आणखी एक फट राहते. उंदरांचा हेपॅटायटिस ई हा त्याच कुळातला पण वेगळ्या गटातला विषाणू आहे, माणसात त्याची लागण 2018 मध्ये पहिल्यांदा नोंदली गेली, आणि तो डुकरांतही सापडला आहे. नेहमीची पीसीआर चाचणी त्याला पकडेलच असे नाही. हवी असल्यास वेगळी मागावी लागते.

निकाल वाचताना

महिन्याच्या पिल्लांत प्रतिपिंडे आहेत, विष्ठेत काही नाही: ही आईची देणगी, लागण नव्हे. दहा-बारा आठवड्यांच्या पिल्लांत प्रतिपिंडे नाहीत पण विष्ठेत आरएनए आहे: लागण ऐन भरात, पुढचे सात आठवडे हा गट कुठेही हलवू नका. पाच महिन्यांच्या जनावरांत प्रतिपिंडे आहेत आणि विष्ठा स्वच्छ: चक्र वेळेवर संपले, चांगली गोष्ट. माद्यांत प्रतिपिंडे आहेत आणि सहा-सात महिन्यांची जनावरे पूर्ण कोरी: विषाणू कळपातून गेलेला आहे आणि हीच जनावरे आता उशिरा लागणीच्या धोक्यात आहेत. कागदावर हा निकाल सर्वात सुंदर दिसतो, पण जपायचे ते याच कळपाला.

प्रतिपिंडे सापडली म्हणून जनावर काढून टाकणे हा शुद्ध वेडेपणा. ज्या जातीची प्रजननक्षम जनावरे मोजकीच उरली आहेत तिथे तर अक्षम्य. प्रतिपिंडे असलेली आणि विष्ठा स्वच्छ असलेली मादी पुढच्या पिल्लांना चीक देऊन संरक्षणच देते.

साखळी कुठे तोडायची

डुकरांसाठी लस बाजारात नाही. चीनमध्ये 2011 साली मान्यता मिळालेली लस माणसांसाठी आहे. म्हणून जे करायचे ते मांडणीत.

सर्वात मोठा फरक पडतो तो वेतांची मिसळ थांबवल्याने. एका वेताची पिल्ले दूध तोडल्यापासून कत्तलीपर्यंत एकत्रच ठेवा. वजनानुसार गट पाडण्याची सवय वाढीसाठी बरी वाटते, पण प्रत्येक नवीन मिसळ म्हणजे कोऱ्या आणि बाधित जनावरांची गाठ. पिल्ले दुसऱ्या मादीला लावायचीच असतील तर पहिल्या एक-दोन दिवसांत, स्वतःच्या आईचा चीक प्यायल्यावर. आणि कत्तलीआधीचे आठ आठवडे गटात एकही नवीन डुक्कर घालू नका. एकच नियम पाळता येणार असेल तर हा पाळा.

दुसरे डबके. देशी डुकराला लोळायला चिखल लागतोच, तो काढून घेता येत नाही. पण वाढत्या पिल्लांचे आणि कत्तलीच्या जनावरांचे डबके एकच असेल तर विष्ठा थेट तोंडात जाते. डबकी वेगळी करा, पाण्याचा उतार मोठ्यांकडून लहानांकडे ठेवा, उलटा नको. पिण्याचे पाणी जमिनीवरच्या उथळ भांड्यात ठेवू नका. त्यात पाय पडतात आणि मग विष्ठा.

कप्पा रिकामा झाला की आधी विष्ठा पूर्ण खरवडा, मग साबणाच्या पाण्याने घासा, धुवा, निथळू द्या, आणि त्यानंतरच जंतुनाशक. क्रम चुकला तर औषध वाया, कारण क्लोरीन विष्ठेवरच खर्ची पडतो. 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट असेल तर 1 लिटरला 9 लिटर पाणी, 10 टक्के असेल तर 1 लिटरला 19. दोन्ही वेळा 0.5 टक्क्याचे द्रावण होते. पृष्ठभाग अर्धा तास ओला राहिला पाहिजे. द्रावण त्याच दिवशीचे हवे, आणि आम्लाच्या संडास-सफाई द्रव्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. फक्त क्वाटर्नरी अमोनियमच्या जंतुनाशकांवर भिस्त ठेवू नका; विष्ठेतल्या विषाणूला बाहेरचे चरबीचे आवरण नसते आणि ही औषधे मुख्यतः त्या आवरणावर चालतात. मातीच्या जमिनीवर क्लोरीनचा काही उपयोग नाही. तिथे वरचा थर खरवडून विरलेला चुना पसरा आणि जमीन कोरडी ठणठणीत होईस्तोवर कोणाला आत सोडू नका.

विष्ठेचे खत करताना ढिगाचे पोट गरम झाले पाहिजे. 56 अंशांवर तासभर ठेवूनही हा विषाणू तग धरू शकतो, त्यामुळे एक दिवस ऊन लागले म्हणून खत निर्धोक होत नाही. ढीग 55 ते 60 अंशांवर काही दिवस राहू द्या, उलथा, बाहेरचा भाग आत घ्या, पुन्हा तापू द्या. हे खत विहीर किंवा ओढ्याच्या वरच्या बाजूला साठवू नका आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीवर घालू नका.

नवा नर आणला तर सहा ते आठ आठवडे वेगळा, वेगळे गमबूट, वेगळे भांडे. आल्या दिवशी एकदा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा विष्ठेची तपासणी. प्रतिपिंडे असलेला प्रौढ नर कोऱ्या तरुण नरापेक्षा सुरक्षित, हे ऐकायला उलटे वाटले तरी तसेच आहे. डुकराची कच्ची आतडी किंवा यकृत डुकरांना खायला घालू नका. रानडुकरे येत असतील तर कुंपण दुहेरी करा, मध्ये मीटरभर अंतर सोडून. जाळीच्या दोन्ही बाजूंनी नाकाला नाक लावता येत असेल तर ते कुंपण या कामाचे नाही.

माणसांची काळजी

विष्ठा काढणे, पोट फाडणे आणि यकृत हाताळणे ही कामे गर्भवती, यकृताचा जुना आजार असलेले आणि अवयवरोपण झालेले यांनी करू नयेत. रोपण झालेल्या रुग्णांत प्रकार 3 आणि 4 शरीरात ठाण मांडून बसू शकतात. बाकीच्यांनी हातमोजे, गमबूट, डोळ्यांना चष्मा, आणि दाबाच्या पाण्याने धुताना तोंडावर मास्क, कारण तुषार उडतात. नंतर साबणाने हात धुवा. अल्कोहोलच्या जेलवर विसंबू नका. काम केल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांत कावीळ, गडद लघवी, सततची मळमळ जाणवली तर डॉक्टरांना डुकरांशी संबंध आल्याचे सांगा, नाहीतर ही तपासणी बहुधा मागितलीच जात नाही.

यकृत आणि यकृत घातलेले पदार्थ आतपर्यंत 71 अंशांवर 20 मिनिटे राहिले पाहिजेत. थर्मामीटरची सुई सर्वात जाड भागाच्या मध्यात टोचून पाहा. बाहेरचा रंग काही सांगत नाही. मीठ लावणे, वाळवणे, धुरी देणे, गोठवणे यांपैकी कशावरही भरवसा ठेवू नका. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर देशी डुकरांच्या यकृताचे कच्चे सॉसेज खाऊन लागण झाल्याचे 2010 मध्ये नोंदले गेले आहे, आणि जपानने 2015 पासून कच्चे डुकराचे यकृत विकायला बंदी घातली आहे.

बदल केल्यावर पुढची तपासणी लगेच करू नका. आजच्या पिल्लांत फरक दिसणार नाही, ती आधीच लागण घेऊन बसलेली असतात. नव्या मांडणीत जन्मलेली पहिली दोन वेते 12 आणि 20 आठवड्यांची होऊ द्या, मग त्यांची विष्ठा आणि रक्त दोन्ही पाठवा, त्याच किटवर, त्याच प्रयोगशाळेत.